नकार वाचायला शिकणं

मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'भ्रम' या विषयावर बोललो. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते, दोरीच्या जागी साप दिसतो, ही आपली जुनी उदाहरणं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी आम्हाला गाठलं आणि म्हणाले, "सर, शिंपला आणि दोरी फार झाली, आजचं एखादं उदाहरण द्या ना." मागणी रास्त होती. तेव्हा आज आम्ही एका अगदी आजच्या मजकुराची समीक्षा करणार आहोत. कवितेची नाही, कादंबरीचीही नाही. लिनक्सच्या संगणकावर ऑफिसचं सॉफ्टवेअर बसवताना पडद्यावर जो मजकूर उमटतो, त्याची. मोजून चार ओळींचा मजकूर आहे, पण त्या चार ओळी नीट न वाचल्यामुळे काय होऊ घातलं होतं, ते ऐकलंत तर हा विषय आम्ही का निवडला ते तुमच्या लक्षात येईल.

आमच्या माहितीतलं एक छोटं सार्वजनिक ग्रंथालय आहे. नाव सांगत नाही, गरजही नाही. तिथे देणगीत आलेला एक जुना संगणक आहे. कोणा मुलाने त्यावर उबुंटू घालून दिलं होतं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी चार महिने खपून सगळी दाखल नोंदवही त्यावर उतरवून काढली. रोज त्या 'कॅल्क' असं लिहिलेल्या चित्रावर क्लिक करत आणि तक्ता उघडून बसत. पुढे त्या एका प्रशिक्षणाला गेल्या. तिथे हातात एक छापील कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं, 'अहवाल ओपनऑफिसमध्ये तयार करावा.' बाईंनी परत येऊन संगणकात शोधलं, तर ओपनऑफिस नावाचं काही दिसेना. मग ग्रंथालयात येणारा एक कॉलेजचा मुलगा मदतीला बसला. त्याने ओपनऑफिस उतरवून घेतलं, बसवायला घेतलं आणि शेवटच्या पायरीवर पडद्यावर 'एरर' आला.

दोन दिवस खटपट झाली. फोनवरून सल्ले आले. तिसऱ्या दिवशी एका जाणत्या समजल्या जाणाऱ्या गृहस्थांनी निकाल दिला, "सिस्टीम खराब झाली आहे. फॉरमॅट मारा आणि पहिल्यापासून सुरू करा." आणि त्या नोंदवहीची दुसरी प्रत कुठेही नव्हती! बाईंनी आम्हाला फोन केला तो फॉरमॅटबद्दल विचारायला नव्हे. त्या म्हणाल्या, "सर, माझंच काहीतरी चुकलं असणार. मला यातलं कळत नाही ना."

हे वाक्य आमच्या मनात राहिलं. कारण बाईंचं काहीही चुकलं नव्हतं, आणि संगणकाचंही चुकलं नव्हतं. तरी 'एरर' हा शब्द दिसताच चूक कोणाची, याचा हिशेब बाईंनी स्वतःच्या नावावर मांडून टाकला होता.

इथून सुरुवात करू. 'एरर' या शब्दाचा अर्थ काय? आपल्या शास्त्रकारांचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, 'सैंधव आण.' सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशचा घोडाही. जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा आणायचा. शब्द एकच, पण बोलणाऱ्याचं तात्पर्य कळल्याशिवाय अर्थ ठरत नाही. 'एरर'चं तसंच आहे. शाळेत 'एरर' म्हणजे विद्यार्थ्याची चूक, लाल शाई, कापलेला मार्क. यंत्राच्या बोलीत मात्र त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की, 'सांगितलेलं काम मला पुरं करता आलं नाही' किंवा 'ते मी करणार नाही.' पहिल्याला आपण बिघाड म्हणू, दुसऱ्याला नकार म्हणू. बाईंच्या पडद्यावर होता तो नकार. त्यांनी वाचली ती चूक. म्हणजे मीठ मागितलं आणि घोडा आणला, असा प्रकार झाला.

आता तो नकार कोणी दिला ते पाहू. उबुंटूचं मूळ डेबियनमध्ये आहे. डेबियन हा प्रकल्प इयान मरडॉक यांनी १९९३ साली जाहीर केला. या घराण्यातल्या संगणकांवर सॉफ्टवेअर बसवण्याचं मूळ काम 'डीपीकेजी' नावाचा एक छोटा कार्यक्रम करतो. तो कसा चालतो हे समजायला तलाठ्याचं दप्तर डोळ्यांसमोर आणा. गावातल्या प्रत्येक तुकड्याचा सातबारा असतो, त्यावर कोणाचं नाव आहे ते लिहिलेलं असतं. डीपीकेजी अगदी हेच करतो. कोणती फाईल कोणत्या पॅकेजच्या मालकीची, याची यादी तो ठेवतो. नवं पॅकेज आलं की त्याची प्रत्येक फाईल ठेवण्याआधी तो दप्तर पाहतो. जागेवर दुसऱ्याचं नाव असेल, तर तो थांबतो.

त्या दिवशी तो थांबला तेव्हा काय म्हणाला? मराठीत सांगायचं तर त्याचं वाक्य असं होतं: ओपनऑफिसच्या मेनूचं पॅकेज बसवताना अडथळा आला, त्यातली 'एसऑफिस' नावाची फाईल 'यूएसआर'मधल्या 'बिन' या फोल्डरात लिहायची आहे, पण ती फाईल 'लिबरऑफिस-कॉमन' या पॅकेजमध्येही आहे.

बघा, किती नेटकं वाक्य आहे. न्यायशास्त्रात वाक्याचा अर्थबोध व्हायला चार गोष्टी लागतात असं सांगितलं आहे: आकांक्षा, योग्यता, संनिधी आणि तात्पर्य. त्याच मोजपट्टीने हे वाक्य मोजू. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची असलेली गरज. 'लिहायचं आहे' म्हटल्यावर काय, कुठे, कोणाला, हे प्रश्न उभे राहतात आणि या वाक्यात तिन्हींची उत्तरं आहेत. योग्यता म्हणजे अर्थाला बाध नसणं. 'विस्तवाने झाडांना पाणी घाल' या वाक्यात ती नाही, इथे आहे. संनिधी म्हणजे पदं एकमेकांजवळ असणं. इथे थोडं उणं आहे, कारण पडद्यावर हे वाक्य दोन ओळींत तुटतं आणि त्याच्या मागेपुढे 'अमुक उलगडतो आहे, तमुक निवडलं आहे' अशा ओळींची गर्दी असते. तरी शोधणाऱ्याला ते सापडतं.

राहिलं तात्पर्य. तिथे मात्र हे वाक्य गप्प आहे. 'मग मी आता काय करू?' याचं उत्तर त्यात नाही. आमच्या मते या मजकुराचा खरा दोष हा एवढाच. आणि तोही अर्धाच दोष आहे. कारण डीपीकेजीला तुमच्या मनातलं कसं कळावं? तुम्हाला दोन्ही ऑफिसं हवीत की एकच, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक? जे आपल्याला माहीत नाही ते तो बोलत नाही. माणसांमध्येही हा गुण दुर्मीळ आहे.

आता पुढचा प्रश्न. दोन वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकाच नावाच्या फाईलवर हक्क का सांगतात? याचं उत्तर घराण्याच्या इतिहासात आहे. जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग इथे १९८५ साली मार्को ब्योरीस नावाच्या अगदी तरुण मुलाने स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं पुढे गाजलेलं उत्पादन म्हणजे स्टारऑफिस. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये त्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली. त्यातून ओपनऑफिस जन्माला आलं. २०१० च्या सुरुवातीला ओरॅकलने सन विकत घेतली. ओपनऑफिसचं आता काय होणार, अशी चिंता त्यावर काम करणाऱ्यांना वाटू लागली. त्यांतल्या अनेकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केलं आणि लिबरऑफिस या नावाने वेगळी चूल मांडली. ओरॅकलने २०११ मध्ये ओपनऑफिस अपाची फाउंडेशनच्या स्वाधीन केलं. २०११ च्या एप्रिलमधल्या आवृत्तीपासून उबुंटूने ओपनऑफिसऐवजी लिबरऑफिस द्यायला सुरुवात केली.

म्हणजे ही दोन भावंडं झाली. एक घर सोडून गेलं, एक नाव घेऊन राहिलं. पण आजोबांचं नाव दोघांनीही टाकलं नाही. 'एसऑफिस' मधला 'एस' हा त्या स्टारऑफिसचा 'एस'. स्टारऑफिस आज बाजारात नाही, पण त्याच्या नावाची पाटी दोन्ही नातवांना आपल्याच दारावर हवी आहे. तलाठ्याने सांगितलं, 'ही पाटी अगोदरच एकाच्या नावावर आहे.' यात तलाठ्याचा काय गुन्हा?

नव्यन्यायाचे अभ्यासक इथे म्हणतील की, नामाला अवच्छेदक लावला असता तर हा तंटा झालाच नसता. अवच्छेदक म्हणजे नुसतं 'घट' न म्हणता कोणता घट, कोणत्या धर्माने मर्यादित झालेला, हे सांगणारी अट. गंमत अशी की व्यवहारात हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. द डॉक्युमेंट फाउंडेशन स्वतः जी लिबरऑफिसची पॅकेजं देतं, त्यांत आज्ञेच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा असतो, म्हणून ती उबुंटूतल्या लिबरऑफिसशेजारी सुखाने नांदतात. ओपनऑफिसवाल्यांनी जर नुसतं 'एसऑफिस' हे नाव हट्टाने धरलं नसतं, तर चार ओळींचा हा मजकूर अनेकांच्या पडद्यावर उमटलाच नसता. समीक्षक म्हणून दोष द्यायचाच झाला तर आम्ही तो इथे देऊ, नकार देणाऱ्याला देणार नाही.

आता त्या मुलाने काय वाचलं, ते पाहू. त्याने त्या वाक्याकडे लक्षच दिलं नाही. त्याने शेवटची ओळ वाचली. शेवटी शेवटी एक ओळ येते, तिच्यात 'ब्रोकन पाइप' असे शब्द असतात. फुटलेला नळ! ते भयंकर वाटतं. त्याने मोबाईलवर फोटो काढला, तो एवढ्याच ओळीचा, आणि चार जणांना पाठवला. चारही जण फुटलेला नळ शोधत बसले.

तो नळ फुटला कसा? पॅकेज उलगडताना एक प्रक्रिया आतला माल पुढे ढकलत असते आणि दुसरी तो घेत असते. घेणाऱ्याने मालकीचा वाद पाहिला आणि हात मागे घेतला. ढकलणारी प्रक्रिया अर्थातच कोसळली. म्हणजे 'ब्रोकन पाइप' हे कार्य आहे, कारण नाही. अग्नीवरून धूर निघाला, आणि आम्ही धुरालाच अग्नीचं कारण मानून पाणी मारत बसलो. यातून एक साधा नियम हाती लागतो. असा मजकूर वाचताना शेवटची तक्रार नाही, पहिली तक्रार वाचावी. नंतरच्या ओळी बहुधा पहिलीची पिल्लं असतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सगळे म्हणत होते, "ओपनऑफिस इन्स्टॉल होत नाही." हे विधान खरं होतं का? अजिबात नाही! ओपनऑफिसची पॅकेजं दोन टप्प्यांत बसवायची असतात. पहिल्या टप्प्यात मूळ कार्यक्रम 'ऑप्ट' नावाच्या फोल्डरात जातो. लिनक्समध्ये बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली ती जागा आहे. तिथे कोणाशी तंटा नाही, म्हणून तो टप्पा सुरळीत पार पडला होता. दुसऱ्या टप्प्यात मेनूतलं चित्र आणि आज्ञेचं नाव बसवायचं असतं. नकार आला तो फक्त या टप्प्याला. म्हणजे पाहुणा घरात येऊन बसला होता, त्याच्या नावाची पाटी तेवढी दारावर लागली नव्हती. 'ऑप्ट'मध्ये जाऊन तो कार्यक्रम थेट सुरू करता आला असता. 'एक पॅकेज नाकारलं गेलं' याचं 'सगळं सॉफ्टवेअर बसलं नाही' असं विधान करणं, ही अतिव्याप्ती झाली. लक्षणाने जितकं झाकायला हवं त्याहून जास्त झाकलं, म्हणजे अतिव्याप्ती. आणि या अतिव्याप्तीवरून पुढची मजल फॉरमॅटपर्यंत गेली.

आता त्या दोन दिवसांत आलेल्या सल्ल्यांची समीक्षा करू. तीन सल्ले नमुन्यादाखल घेऊ. तिन्ही आम्ही अन्यत्रही वारंवार ऐकले आहेत.

पहिला सल्ला कुलपाचा. मुलाने सकाळी संगणक सुरू केला आणि लगेच बसवायला गेला, तेव्हा यंत्र म्हणालं होतं की, कुलूप दुसऱ्या प्रक्रियेकडे आहे. संगणक सुरू झाला की उबुंटू पुष्कळदा आपण होऊन सुरक्षेची अपडेटं घेत असतं आणि तेवढ्यापुरतं दप्तराला कुलूप लावतं. एका वेळी दोघांनी एकाच वहीत लिहू नये, म्हणून. यावर सल्ला आला, "ती कुलपाची फाईल डिलीट करून टाक." इथे एक सुंदर तात्त्विक चूक आहे. ती फाईल म्हणजे कुलूप नव्हे. फाईल तिथे कायमच असते. कुलूप म्हणजे चालू असलेल्या प्रक्रियेने त्या फाईलवर सांगितलेला हक्क, आणि प्रक्रिया संपली की तो आपोआप सुटतो. फाईल उडवली तर जुनी प्रक्रिया जुन्या हक्काच्या भरवशावर लिहीतच राहते, नवी प्रक्रिया त्याच नावाची नवी फाईल करून तिच्यावर हक्क सांगते, आणि दोघीही 'मी एकटीच आहे' असं समजून एकाच दप्तरात लिहू लागतात. उपाय काय होता? दहा-पंधरा मिनिटं थांबणं. चहा पिऊन येणं. अलीकडच्या आवृत्त्या तर कुलूप कोणत्या प्रक्रियेकडे आहे तिचा क्रमांकही सांगतात. तात्पर्याच्या दिशेने टाकलेलं ते एक पाऊल आहे, त्याचं कौतुक केलं पाहिजे.

दुसरा सल्ला जबरदस्तीचा. डीपीकेजीला एक 'फोर्स' पर्याय आहे. तो दिला की दुसऱ्याच्या मालकीच्या फाईलवर तो मुकाट्याने लिहितो. सल्ला देणाऱ्याने आज्ञा पाठवली, अर्थ पाठवला नाही. मंत्र दिला, विनियोग सांगितला नाही. डीपीकेजीच्या स्वतःच्या माहितीपत्रकात स्पष्ट इशारा आहे की हे पर्याय जाणकारांसाठी आहेत आणि परिणाम न समजता वापरले तर सगळी व्यवस्था मोडू शकते. जबरदस्तीचा फेरफार आज नोंदला जातो, पण तंटा मिटत नाही. उद्या लिबरऑफिसचं अपडेट आलं की तेच भांडण उलट्या बाजूने उभं राहू शकतं, आणि मग 'कालपर्यंत चालत होतं, आज काय झालं' म्हणून पुन्हा नवा फोटो, पुन्हा नवे सल्ले.

तिसरा सल्ला फॉरमॅटचा. याबद्दल जरा गंभीरपणे बोलतो. सॉफ्टवेअर बसवणं किंवा काढणं आणि तुमची कागदपत्रं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्समध्ये तुमच्या फायली 'होम' फोल्डरात असतात. ऑफिस काढलं, पुन्हा बसवलं, तरी तिथल्या फायलींना धक्का लागत नाही. डीपीकेजीने नकार दिला तेव्हा त्याने अर्धवट काम मागे घेतलं आणि आधीचं लिबरऑफिस जसंच्या तसं ठेवलं. म्हणजे त्या घटकेला संगणक पूर्ण सुस्थितीत होता. खराब झालेलं काहीच नव्हतं. एका नावाच्या पाटीसाठी चार महिन्यांची नोंदवही पुसायला निघालेले आपण होतो! सल्ला देणारे गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांना तो मजकूर वाचता येत नव्हता, आणि वाचता येत नाही हे म्हणण्याचा संकोच वाटत होता. म्हणून त्यांनी असा उपाय सांगितला की ज्यात वाचायला काही उरतच नाही.

मग शेवट काय झाला? आम्ही बाईंना फोनवर एवढंच विचारलं, "पडद्यावरची सगळी वाक्यं वरपासून वाचून दाखवता का?" त्यांनी अडखळत वाचलं. लिबरऑफिस हा शब्द आला तिथे आम्ही थांबवलं. "बाई, तुम्ही रोज नोंदवही कशात भरता?" "कॅल्कमध्ये." "त्या खिडकीच्या माथ्यावर काय लिहिलं आहे?" थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाल्या, "लिबरऑफिस कॅल्क."

मंडळी, जे हवं होतं ते पहिल्या दिवसापासून संगणकात होतं. कागदावर ओपनऑफिस लिहिलं होतं, संगणकात त्याचं भावंड होतं. दोघंही एकाच पद्धतीच्या फायली लिहितात आणि वाचतात. ओपन डॉक्युमेंट हे त्यांचं स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि फाईल कोणत्या सॉफ्टवेअरने लिहिली यावर ती वाचणं अडू नये, हाच त्या मानकाचा हेतू आहे. बाईंनी त्याच संध्याकाळी अहवाल तयार केला आणि तो स्वीकारला गेला. आधी आम्ही त्यांना नोंदवहीची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला लावली, हे सांगायला नको.

आता त्या नकाराकडे पुन्हा पाहा. 'ही फाईल लिबरऑफिस-कॉमन या पॅकेजमध्येही आहे.' याचा सरळ अर्थ, 'अहो, तुमच्याकडे एक ऑफिस अगोदरच आहे.' तीन दिवस जे उत्तर सगळे शोधत होते, ते पहिल्याच दिवशी पहिल्याच तक्रारीत लिहिलेलं होतं. त्या सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा तोच एक होता, आणि आपण त्यालाच दटावून गप्प बसवायला निघालो होतो.

आमचा आक्षेप म्हणून तीन ठिकाणी आहे. एक त्या छापील कागदावर. 'ओपनऑफिसमध्ये करावा' असं नाव लिहिण्याऐवजी 'ओडीएस स्वरूपात जतन करावा' असं लिहिलं असतं तर हा सगळा प्रसंगच घडला नसता. वस्तूचं प्रयोजन न सांगता नुसतं नाव सांगितलं की माणूस नावामागे धावतो. दुसरा आक्षेप अर्थ वगळून आज्ञा वाटणाऱ्यांवर. तिसरा आक्षेप त्या रंगीत खिडक्यांवर, ज्या आजकाल अशा प्रसंगी 'अरेरे, काहीतरी बिघडलं' एवढंच म्हणून मिटून जातात. त्यांची भाषा मऊ आहे, पण त्यात कर्ता नाही, कर्म नाही, जागा नाही. डीपीकेजीचा रुक्ष नकार ज्ञानाचं साधन होऊ शकतो. ही मऊ खिडकी होऊ शकत नाही. बाईंना तसली खिडकी दिसली असती, तर आम्हाला फोनवर वाचून दाखवायला त्यांच्याकडे काहीच नसतं. सौजन्य हवंच, पण ते माहिती गाळून येत असेल तर वाचकाचं नुकसान आहे.

प्रश्नोत्तरं

एक श्रोता: सर, गाडी चालवणाऱ्याने इंजिन शिकावं असा तुमचा आग्रह आहे का? ग्रंथपाल बाईंनी हे सगळं का शिकायचं?

उत्तर: नाही, तसा आग्रह नाही. बाईंच्याच ग्रंथालयाचं उदाहरण घेऊ. वाचकाला वर्गीकरणाची पद्धत यायलाच हवी असं कोणी म्हणत नाही. पण 'हे पुस्तक दुसऱ्या सभासदाकडे गेलं आहे' असं सांगितल्यावर वाचकाने कपाट फोडू नये, एवढी अपेक्षा असते. कारण ते वाक्य त्याला कळतं. आम्ही तीनच प्रश्न विचारा म्हणतो: नकार कोण देतंय? नेमकं काय नाकारलंय? आणि कोणाच्या हक्कासाठी? उत्तरं आपल्याला कळली नाहीत तरी चालेल. मदत मागताना शेवटच्या ओळीचा फोटो न पाठवता सगळा मजकूर पाठवला, तर समोरच्याला ती उत्तरं सापडतात.

एक श्रोता: हे संदेश मराठीत असते तर अडचण आली नसती, असं नाही का वाटत?

उत्तर: अर्धं पटतं. मराठीतून संदेश यावेत. लिबरऑफिसचे मेनू मराठीत मिळतात, ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी जरूर वापरून बघावेत. पण भाषांतर करताना 'एरर'ला सरसकट 'चूक' किंवा 'त्रुटी' म्हटलं तर बाई मराठीतूनही तेच म्हणतील, "माझंच चुकलं." बिघाड असेल तिथे बिघाड म्हणा, नकार असेल तिथे नकार म्हणा. आपल्या भाषेत हे दोन शब्द आहेत, ते वापरायला हवेत.

एक श्रोत्या: आणि ते ओपनऑफिस? काढलं की ठेवलं?

उत्तर: काढलं. आम्ही नाही, बाईंनीच. त्या मुलाला शेजारी बसवून पॅकेजांची नावं एकेक वाचत काढलं. एका ठिकाणी संगणकाने विचारलं, 'खरंच काढू का?' तेव्हा मुलगा लगेच 'हो' दाबणार होता. बाई म्हणाल्या, "थांब रे, आधी काय विचारतंय ते वाचू दे."

आज इथेच थांबतो. पुढच्या वेळी 'आप्तवाक्य' घेऊ, म्हणजे कोणाच्या शब्दावर कधी विश्वास ठेवावा. आजच्या सल्ल्यांच्या निमित्ताने त्याची सुरुवात झालीच आहे. नमस्कार.